दोन शब्दांतील अंतर

महाविद्यालयात प्रवेश घेतला त्या दिवसाची गोष्ट. अर्ज इंग्रजीत होता. सोबत जोडलेल्या कागदांच्या यादीत मी 'कास्ट सर्टिफिकेट' असे लिहिले आणि 'कास्ट'च्या शेवटचे 'ई' हे अक्षर गाळले. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी ते वाचले आणि रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "हे जातीचे प्रमाणपत्र आहे की फेकून दिल्याचे?" रांगेतले काही जण हसले. मला विनोद कळला नाही. हसणे कोणाला आहे, एवढे मात्र कळले. आमच्या घरात पदवीच्या वाटेला लागलेला मी पहिलाच. तो विनोद उलगडून सांगेल असे घरी कोणी नव्हते.

पुढे कोश पाहण्याची सवय लागली तेव्हा उलगडा झाला. 'ई' नसलेला 'कास्ट' म्हणजे फेकणे. तो उत्तर युरोपातील नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. 'ई' असलेला 'कास्ट' म्हणजे जात. तो पोर्तुगीजांच्या 'कास्ता' या शब्दावरून आला. 'कास्ता' म्हणजे वंश, कूळ. काही पंडित त्याचे नाते लॅटिनमधील 'कास्तुस' म्हणजे 'शुद्ध' या शब्दाशी जोडतात. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तसेच 'आउटकास्ट' हा शब्दही दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकाराने त्याचा अर्थ फेकून दिलेला माणूस, दुसऱ्या प्रकाराने जातीबाहेरचा माणूस. विनोद करणाऱ्या गृहस्थांना हे दोन अर्थ ठाऊक होते. आमच्या वाट्याला दोन्ही अर्थ एकाच वेळी आलेले आहेत, हे त्यांच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही.

औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत आज इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याच्या पुस्तकांची थप्पी असते. नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे १९४९ सालचे पुस्तक आजही आमचे विद्यार्थी स्पर्धा परीक्षेसाठी विकत घेतात. मूळ धातू शिका, उपसर्ग आणि प्रत्यय शिका, म्हणजे एका मुळावर दहा शब्द हाती येतील; आणि सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या पाठ करा, म्हणजे गुण जाणार नाहीत, असा या पुस्तकांचा उपदेश असतो. उपदेश खरा आहे आणि उपयोगीही आहे. परंतु दलित विद्यार्थ्याने हा अभ्यास का करावा याचे कारण गुणांपाशी संपत नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांमधल्या अंतरावर फार मोठे निर्णय अवलंबून राहिलेले आहेत. ज्यांना ते अंतर दिसत नव्हते, त्यांना दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबावे लागले. प्रस्तुत लेखात हा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे.

१

आरंभ आपल्या शहरापासून करू. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, निजामाच्या राज्यात होते. १९१७ साली हैदराबादेत 'दारुल तर्जुमा' हे भाषांतराचे कार्यालय उघडले आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, तर इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. पाश्चात्त्य शास्त्रांतील संज्ञांना उर्दू प्रतिशब्द घडविताना ते अरबी-फारसी धातूंपासून घडवावेत की लोकांच्या तोंडी असलेल्या बोलीतून घ्यावेत, यावर तेथील विद्वानांनी मोठा खल केला. या कामाची एक शाखा आपल्या शहरातच होती. मौलवी अब्दुल हक यांनी 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचा कारभार अनेक वर्षे औरंगाबादेतून चालविला, आणि संस्थेचा प्रसिद्ध इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली येथूनच बाहेर पडला. इंग्रजी शब्दाचे मूळ शोधून त्याला आपल्या भाषेत जागा देण्याचे मोठे काम या शहरात झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण हा कोश निघाला त्याच्या तीनच वर्षे आधी, १९३४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह नाशिकहून औरंगाबादेकडे, वेरूळची लेणी पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून मंडळी थांबली. धुळीने माखलेले हातपाय त्यांनी किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर धुतले. अस्पृश्यांनी हौद बाटविला म्हणून गलका झाला, जमाव जमला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती या अटीवर, की आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक शस्त्रधारी शिपाई सोबत देण्यात आला. जमाव मुसलमानांचा होता. हिंदूंना जो अस्पृश्य तो इतरांनाही अस्पृश्यच ठरतो, असा बाबासाहेबांनी त्यावरून निष्कर्ष काढला.

हा प्रसंग त्यांनी ज्या छोट्या आत्मकथनपर लेखनात सांगितला आहे त्याचे शीर्षक 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. 'व्हिसा' हा शब्द लॅटिनमधील 'विदेरे' म्हणजे 'पाहणे' या क्रियापदापासून आला. व्हिसा म्हणजे अधिकाऱ्याने पाहिलेला, तपासलेला कागद. याच मुळावर व्हिजन, एव्हिडन्स, सुपरवायझर हे शब्द उभे आहेत, आणि आपल्या पगारपत्रकातला 'प्रॉव्हिडंट' फंडही. प्रॉव्हिडंट म्हणजे पुढचे पाहणारा. भाषाशास्त्र पुढे असे सांगते की हे लॅटिन मूळ आणि संस्कृतातला 'विद्' म्हणजे 'जाणणे' हा धातू मुळात एकच. वेद, विद्या, विद्वान हे त्याच कुळातले. परक्या मुलखात शिरण्यासाठी लागणारा परवाना ज्याला स्वतःच्या देशातल्या हौदावर लागतो, त्याने आपल्या लेखनाला हे नाव द्यावे, आणि त्या नावाच्या मुळाशी विद्या असावी!

याच बाबासाहेबांना मुंबईच्या शाळेत संस्कृत घेता आले नव्हते. अस्पृश्य मुलाला संस्कृत नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने कमावले. म्हणजे 'विद्' धातूच्या पुढच्या दाराला कुलूप होते. इंग्रजीने दुसरे दार उघडले, आणि त्या दारातून आत गेल्यावर खोली तीच निघाली. शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावी असा आग्रह जोतीराव आणि सावित्रीबाईंनी धरला होता. त्या आग्रहात पोटापाण्याचा विचार होताच, पण ज्या विद्येला आपल्यापासून दूर ठेवले गेले तिच्यापर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट, हाही विचार त्यात आहे असे मला वाटते.

१९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर उस्मानियाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. घरात मराठी, शाळेत उर्दू आणि आता वर इंग्रजी, अशी मराठवाड्यातील विद्यार्थ्याची अवस्था झाली. अशा वेळी, जून १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. खेड्यापाड्यांतून आलेल्या, ज्यांच्या घरात कोश सोडाच पण पाटीही नव्हती अशा मुलांच्या हातात इंग्रजी ग्रंथ येथे प्रथम आले.

२

आता शब्दांच्या जोड्यांकडे वळू. पहिली जोडी १९१६ सालची आहे. त्या वर्षी ९ मे रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, भारतातील जातींवर आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. या निबंधाचा सारा डोलारा दोन शब्दांवर उभा आहे: एक 'एंडोगॅमी' आणि दुसरा 'एक्सोगॅमी'. 'गामोस' म्हणजे ग्रीक भाषेत लग्न. 'एंडो' म्हणजे आत, 'एक्सो' म्हणजे बाहेर. मॅक्लेनन या स्कॉटिश अभ्यासकाने १८६५ साली हे शब्द रूढ केले. मराठीत आपण अनुक्रमे अंतर्विवाह आणि बहिर्विवाह म्हणतो.

बाबासाहेबांचे प्रतिपादन थोडक्यात असे. भारतीय समाज मुळात बहिर्विवाही होता, आणि एका गोत्रात लग्न न करण्याचा नियम आजही पाळला जातो. अशा समाजात एखादा गट आपल्या सीमा बंद करून घेतो आणि आतल्या आतच लग्ने लावू लागतो, म्हणजे बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला जातो, तेव्हा जात जन्माला येते. एकदा दार बंद झाले की गटातील स्त्री-पुरुषांच्या संख्येचा तोल सांभाळावा लागतो. नवरा मेला तर उरलेल्या बाईचे काय करायचे? तिला सती धाडा, नाही तर सक्तीचे वैधव्य द्या. बायको मेली तर उरलेल्या पुरुषाचे काय? त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्या. सती, वैधव्य आणि बालविवाह या चाली धर्मातून वर आल्या असे न मानता बंद दाराची यंत्रणा म्हणून त्यांच्याकडे पाहणे, हे या निबंधाचे मोठे सामर्थ्य आहे.

हा निबंध मी वर्गात शिकवितो तेव्हा दरवर्षी एक घोटाळा होतो. काही विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात की 'बाबासाहेबांच्या मते आंतरजातीय विवाहाने जात निर्माण झाली'. त्यांनी अंतर्विवाह आणि आंतरजातीय विवाह यांची गल्लत केलेली असते. एका काना-मात्रेच्या फरकाने रोगाचे निदान आणि रोगाचा उपाय यांची अदलाबदल होते. कारण आंतरजातीय विवाह हा तर बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगितलेला खरा उपाय. मुलांना दोष देऊन भागणार नाही. संस्कृत 'अंतर्' आणि लॅटिन 'इंटर' हे शब्द सगोत्र आहेत, आणि एकाच मुळातून 'आत' आणि 'दोहोंच्या मध्ये' असे दोन्ही अर्थ निघाले आहेत. इंग्रजीतही 'इंटर' म्हणजे एकमेकांमध्ये आणि 'इंट्रा' म्हणजे आतल्या आत, ही जोडी भल्याभल्यांना चकविते. पण मूळ सांगून, फळ्यावर दोन शब्द फोडून दाखविले की घोटाळा थांबतो, असा माझा अनुभव आहे.

३

दुसरी जोडी १९३२ सालची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गाला खास जागा मिळाल्या होत्या. त्या जागांसाठी फक्त अस्पृश्य मतदारांनीच मत द्यायचे होते, आणि शिवाय सर्वसाधारण जागांसाठीही त्यांना मत होते. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात याविरुद्ध उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. करारात प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा १४८ ठरल्या. जागा पुष्कळ वाढल्या. परंतु त्या संयुक्त मतदानाने भरायच्या होत्या. प्राथमिक फेरीत अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चारांतून अंतिम निवड सर्वांनी मिळून करायची, अशी व्यवस्था होती.

या साऱ्या वादाचे मर्म दोन इंग्रजी शब्दांमध्ये आहे: 'इलेक्टोरेट' आणि 'कॉन्स्टिट्यूअन्सी'. पहिल्याचे मूळ लॅटिन 'लेगेरे', म्हणजे वेचणे, निवडणे. इलेक्टोरेट म्हणजे निवडणारे लोक, मतदारांचा समूह. दुसऱ्याचे मूळ 'उभे करणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे, आणि आपल्या 'स्था' धातूशी त्याचे नाते आहे. कॉन्स्टिट्यूअन्सी म्हणजे ज्याच्या वतीने प्रतिनिधी उभा राहतो ते क्षेत्र. एका शब्दाचा प्रश्न 'कोण निवडतो?' असा आहे, आणि दुसऱ्याचा 'कोठून निवडतो?' असा. मराठीत मात्र आपण दोघांनाही 'मतदारसंघ' म्हणून मोकळे झालो. 'स्वतंत्र मतदारसंघ' गेले आणि 'राखीव मतदारसंघ' आले, असे वाक्य वाचताना वाचकाला वाटते की एक विशेषण बदलले. प्रत्यक्षात निवडणाराच बदलला होता. राखीव जागेवर उभा राहणारा माणूस आपला, पण त्याला निवडून देणारे हात बहुसंख्य दुसऱ्यांचे, ही गोष्ट त्या एका शब्दाआड झाकली गेली.

पुणे कराराचे गुणदोष हा येथे विषय नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की करारावर सह्या करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना हे अंतर नीट ठाऊक होते. ज्यांच्या भवितव्यावर सह्या झाल्या त्या खेड्यातील माणसापर्यंत मात्र एकच शब्द पोहोचला. माझे विद्यार्थी आजही विचारतात, "सर, राखीव मतदारसंघ आहेत ना, मग बाबासाहेबांनी मागितले ते मिळालेच की?" इलेक्टोरेटला 'मतदारवर्ग' असा निराळा शब्द वापरला असता, तर हा प्रश्न निदान इतक्या सहज आला नसता.

४

तिसरे उदाहरण जोडीचे नाही, त्रयीचे आहे, आणि ते आपल्या प्रत्येक सभेच्या फलकावर असते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला झालेल्या परिषदेत बाबासाहेबांनी अनुयायांना तीन इंग्रजी क्रियापदांचा संदेश दिला: एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. इंग्लंडमधील समाजवादी मंडळी १८८० च्या दशकात हेच तीन शब्द घोषवाक्य म्हणून वापरीत असत. आपल्याकडे ते 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे रूढ झाले. क्रम बदलला याची चर्चा कार्यकर्त्यांत अधूनमधून होते. मला क्रमापेक्षा क्रियापदांविषयी अधिक बोलावयाचे आहे.

'ॲजिटेट' चे मूळ लॅटिन 'आगेरे' म्हणजे चालविणे, हलविणे; त्यापासून झालेल्या 'आगितारे' या रूपाचा अर्थ पुनःपुन्हा हलविणे, ढवळणे. साचलेले पाणी ढवळावे तशी साचलेली मने ढवळा, असा तो भाव आहे. म्हणून तो संघटनेच्या आधी येतो. झोपलेल्या माणसांची संघटना बांधता येत नाही. 'संघर्ष' या शब्दात टक्कर आहे, आणि टक्कर घ्यायला आधी संघटना लागते. म्हणून मराठीत तो शेवटी गेला, यात आश्चर्य नाही. 'ऑर्गनाइझ' च्या मुळाशी ग्रीक 'ऑर्गानॉन' म्हणजे अवजार, हत्यार हा शब्द आहे.

आणि 'एज्युकेट'? त्याचे मूळ 'वाढविणे, जोपासणे' असे आहे. हे क्रियापद सकर्मक आहे. ते उच्चारताच 'कोणाला?' असा प्रश्न उभा राहतो. आपल्या 'शिका' मध्ये माणूस स्वतः शिकला की आज्ञा पूर्ण झाली. मूळ शब्दात तसे नाही. त्यात दुसऱ्याला शिक्षित करण्याची जबाबदारी आहे. माझ्यासारखा पहिल्या पिढीचा पदवीधर नोकरीला लागतो, घर बांधतो आणि 'मी शिकलो, बाबासाहेबांचे ऐकले' असे समाधान मानतो. त्याने हे व्याकरण एकदा तपासून पाहावे. मी ते तपासले तेव्हा मला माझीच लाज वाटली, हे येथे कबूल केले पाहिजे.

५

येथपर्यंत मुळांची थोरवी सांगितली. आता एक इशारा दिला नाही तर लेख अपुरा राहील. मूळ कळले म्हणजे शब्द कळला, असे मानण्याचा मोह अभ्यासकाला होतो. 'शब्दाचा खरा अर्थ त्याच्या धातूत असतो. आजचा वापर म्हणजे भ्रष्टता' असे सांगणारे पंडित आपल्याकडे कमी नाहीत. हा युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. माणसाची खरी किंमत त्याच्या जन्मात असते, कर्तृत्वात नसते, असे सांगणाऱ्यांचीच ही भाषा आहे. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाची जात नव्हे. मूळ आपल्याला शब्द कोठून आला ते सांगते. तो कोठे जाईल हे त्याला वापरणारे लोक ठरवितात.

'दलित' हाच शब्द पाहा. 'दल्' धातूचा अर्थ फुटणे, चिरडले जाणे. आपल्या आया-आज्या पहाटे उठून जात्यावर दळण दळीत, ते 'दळणे' याच धातूचे. व्याकरणाने पाहिले तर 'दलित' हे कर्मणी रूप आहे: जो चिरडला गेला तो. इंग्रज सरकारच्या 'डिप्रेस्ड क्लासेस' या नावातही तीच असहायता होती. 'डिप्रेस्ड' म्हणजे खाली दाबलेला. कोणी दाबले ते त्या नावात येत नाही. बाबासाहेबांनी १९३१ साली गोलमेज परिषदेपुढे हे नाव बदलण्याची मागणी केली होती, आणि कायद्यात १९३५ नंतर 'शेड्यूल्ड कास्ट्स' हे शब्द आले. 'शेड्यूल' चे मूळ लॅटिनमध्ये कागदाची चिठ्ठी असे आहे. पण ज्या पिढीने मिलिंदच्या आवारात आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 'दलित साहित्य' हे शब्द उच्चारले, ज्यांनी १९७२ साली त्या शब्दापुढे 'पँथर' जोडले, त्यांनी त्या कर्मणी रूपाला कर्ता बनविले. कोणत्याही धातुकोशात हा अर्थ सापडणार नाही. तो लोकांनी घडविला.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या घोषणेलाही हाच न्याय लावला पाहिजे. ती मूळ शब्दांचे काटेकोर भाषांतर नसेल. पण लाखो माणसांनी तिच्यावर आपले आयुष्य तोलले आहे. ती पुसून टाका असे मी म्हणत नाही. तिच्या शेजारी मूळ तीन शब्द लिहा, आणि दोहोंमधले अंतर मुलांना समजावून सांगा, एवढेच म्हणतो.

ज्या राजाचे नाव आपल्या महाविद्यालयाला आहे त्याच्या नावातही हाच धडा आहे. मिनँडर हा इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा. पालीत येताना त्याचा 'मिलिंद' झाला. नागसेनाने त्याला विचारले होते, की राजा, तू रथातून आलास ना, मग चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? सुटा भाग घेतला तर त्यात रथ नाही; भाग टाकून दिले तरी रथ उरत नाही. शब्दाचेही तसेच आहे. त्याची चाके सोडवून पाहावीत, कारण त्याशिवाय तो कसा चालतो हे कळत नाही. पण प्रवास करायचा तर ती पुन्हा जोडावीच लागतात.

आपल्या शहराला हे सांगायची खरे तर गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे त्याच वर्षी मारले गेले. गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे झाले. लोकांनी मागितले होते ते नामांतर. सरकारने दिले त्याला नामविस्तार म्हणतात. एकात जुने नाव जाऊन दुसरे येते, दुसऱ्यात जुने नाव राहून नवे त्याला जोडले जाते. या दोन शब्दांतील अंतर ओलांडायला साडेपंधरा वर्षे लागली, माणसे गेली, आणि तरीही ते पुरते ओलांडले गेले नाही.

ज्या समाजाने एवढी किंमत मोजली आहे, त्याच्या मुलांनी कोश उघडायला कंटाळू नये. अर्जातल्या 'कास्ट'ला शेवटचे 'ई' लावायला त्यांनी शिकावे, आणि ते अक्षर तेथे का लागते हे पुढच्या रांगेतल्या मुलाला, न हसता, शिकवावे.